साठ हर्ट्झचा सूक्ष्म विचार

सोलापुरात घरच्या घरी गाणी मिक्स करणाऱ्या पोरांपुढचा सध्याचा यक्षप्रश्न म्हणजे इक्वलायझर कोणता घ्यायचा. रीपरसोबत रीईक्यू येतोच, टीडीआर नोव्हा फुकट मिळतो; पण फुकटच्या प्लगइनने गाणं फुकटचं वाटतं म्हणे. मग हवा फॅबफिल्टरचा प्रो-क्यू. त्यात बँड २४, लागतात चार. बाकीचे असू द्यावेत, लग्नात जादा ताटं मांडतात तसे. शिवाय मास्टरिंगला पल्टेकची नक्कल हवीच. मूळ यंत्र १९५० च्या दशकातलं, अमेरिकी, व्हॉल्व्हवर चालणारं. त्यात ६० हर्ट्झ एकाच वेळी वाढवताही येतात आणि कापताही. (आपल्या महापालिकेला हे यंत्राशिवाय जमतं.)

खोली पूर्व भागातली. भिंतीला अंड्यांचे ट्रे, पलीकडे यंत्रमागांचा खडखडाट. ट्रेने बाहेरचा आवाज अडत नाही, हे अंडीवाल्यालाही ठाऊक असावं. तिथं मध्यरात्री खल चालतो: हलगीचा कडकपणा तीन किलोहर्ट्झला दीड डेसिबल कापावा, की एकच पुरे?

गाणं शेवटी मिरवणुकीत वाजतं. अठरा इंची वूफरची भिंत, आणि तिच्यामागचा ऑपरेटर बेसचं बटण शेवटपर्यंत पिळून मोकळा. निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल, असं २००० सालचे ध्वनिप्रदूषण नियम सांगतात. इथं तो आकडा जनरेटरच ओलांडतो. दुकानांची शटरं थरथरतात, म्हाताऱ्यांचे हात छातीवर जातात.

मिक्स करणारा पोरगा मात्र गर्दीत कपाळाला आठ्या घालून उभा. लो एंड जरा कमीच पडला. नवा प्लगइन बघायला हवा.