अण्णा दर रविवारी धुळ्याला का जातात

"वहिनी, ते बिबडे राहू द्या घडीभर आणि इकडे कुंपणापाशी या. समोरच्या अण्णांचं कोडं सुटलं."

"दर रविवारी धुळ्याची बस धरतात, ते? मी तर ऐकलं, तिकडे प्लॉट घेतलाय."

"तुम्ही प्लॉट ऐकलात, कोपऱ्यावरच्या काकूंनी तर दुसरं घर ऐकलं. तसलं काही नाही. मग आणायला जातात. काचेचे, कानवाले, फुलांची नक्षी असलेले जुने मग. पाचकंदिलापासून आग्रा रोडपर्यंत भंगारवाले अन् जुनी भांडीवाले त्यांना नावानं ओळखतात म्हणे."

"इश्श! एवढ्यासाठी धुळं? जळगावात काय भांड्यांचा दुष्काळ पडला का वो, ताई?"

"हेच मी त्यांच्या बायकोला, माईंना विचारलं. तर अण्णा आतून ओरडले, जळगावचा माणूस जुनं मोडून नवं करणारा. सोन्याची सवय ना! पाटल्या मोडल्या, तोडे केले. घरात जुनी वस्तू दिसली की त्याला खाजवायला लागतं. धुळेकर सांभाळून ठेवतो. अन् दाखला कुणाचा दिला, तर राजवाड्यांचा! इतिहासाचार्य राजवाडे आयुष्यभर माळे, तळघरं धुंडाळत जुनी दप्तरं गोळा करत हिंडले, 1926 च्या डिसेंबरात धुळ्यातच गेले, अन् पुढच्याच वर्षी त्यांच्या नावानं संशोधन मंडळ उभं राहिलं. 'ते दप्तरं शोधत होते, मी मग शोधतो,' म्हणाले."

"घ्या! कुठे राजवाडे, कुठे मग!"

"तोंडावर कोण बोलणार त्यांना? पण एक गोष्ट त्यांची पटली मला. आग्रा रोड म्हणजे थेट आग्र्याचा रस्ता, अन् फिरोजाबाद तिथून हाकेच्या अंतरावर. बांगड्या, झुंबरं, पेले, सगळी काच तिथली. ट्रक मुंबईकडे निघाला की वाटेत धुळं येणारच. चार पेट्या तिथे उतरल्या नसतील कशावरून?"

"बरं, पण जुना मग शाबूत राहतो कसा? आमच्याकडे तर स्टीलच्या पेल्यालाही पोचे पडतात."

"तीच खरी गंमत. तुमच्या लग्नात लेमन सेट आले होते की नाही?"

"अगं बाई! सात! एक जग, सहा ग्लास, वर लाल गुलाब नाहीतर केशरी संत्री. सातपैकी एक उघडला. बाकीचे सासूबाईंनी पलंगाखाली ठेवले, अन् जसजशी लग्नं निघाली तसतसे एकेक करून आहेरात दिले."

"अन् ज्यांना दिले त्यांनी काय केलं असेल?"

"पुढच्या लग्नात दिले असतील."

"बस्स. अण्णा म्हणतात, जो खोका कुणी उघडलाच नाही, त्यातला माल नवाकोरा. ज्या सासूनं शोकेसला कुलूप लावलं, पाहुण्यांनाही स्टीलच्या पेल्यातच पाणी दिलं, तिच्या घरचा मग आज बघावा. ज्या घरी हौसेनं रोज वापरला, तिथलं फूल गेलं, सोनेरी काठ गेला, कान तुटला. आपण चिकट म्हणून नावं ठेवली त्या बायकांना, अन् अण्णा त्यांचे आभार मानत फिरतात."

"आमच्या सासूबाईंना सांगते हे. फुगून बसतील."

"आता तपासतात कसा ते ऐका. आधी तळ बघतात. मधोमध खरखरीत डाग लागला तर तोंडानं फुंकून केलेली काच. सळईवरून तोडल्याची ती खूण. साच्यातली असली तर अंगावर उभी रेघ दिसते, ती कानावरूनही जाते. कान वेगळा चिकटवलेला असला की अण्णांचे डोळे चमकतात. मंग नक्षीवरून बोट फिरवायचं. रंग भट्टीत भाजून बसवलेला असला तर तो काचेलाच धरतो, नखानं निघत नाही. नुसता वरून फासलेला असला तर नेलपॉलिश काढायच्या पाण्यानं सुद्धा उतरतो. भंगारवाल्यापुढे बसून नख घासतात म्हणे. तो बिचारा वैतागतो."

"अन् सोनेरी काठ?"

"तो सगळ्यात हलका. सोनं अगदी पातळ लावलेलं असतं. तारेची घासणी चार दिवस फिरवली की उजाड. माईंनी एकदा मदत म्हणून तीन मग घासून लख्ख केले. अण्णा दोन दिवस जेवताना बोलले नाहीत."

"माईंचंही खरंच. घासायचं नाही, मंग ठेवायचे कशाला? त्यातून चहा तरी पितात का?"

"थेंब नाही. एकदा भाचीनं कौतुकानं उकळता चहा ओतला, तडा गेला थेट बुडापर्यंत. साधी जाड काच आतून तापते, बाहेरून गारच राहते. आतली बाजू ताणायला जाते, बाहेरची धरून ठेवते, अन् फुटते. अन् दुसरी गोष्ट रंगाची. जुन्या चकचकीत लाल-पिवळ्या रंगात शिसं, कॅडमियम असायचं. ओठ लागतो तिथवर नक्षी असली तर नकोच प्यायला. अहो, 2010 साली अमेरिकेत मॅकडोनाल्डनं ते श्रेकच्या चित्राचे ग्लास विकले होते ना, हिरवा राक्षस, ते परत मागवले. रंगात कॅडमियम निघालं. एक कोटी वीस लाख ग्लास!"

"एवढे! हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"माझा पुतण्या तिकडेच आहे ना. त्यानंच मागच्या दिवाळीला अण्णांसाठी मांजराचा मग आणला. गारफिल्ड, ते जाडं मांजर. खाली 1978 लिहिलेलं. अण्णा खूश, चाळीस वर्षांवरचा माल म्हणून शेजारीपाजारी दाखवला. मंग कळलं, 1978 हे चित्र निघाल्याचं साल. मॅकडोनाल्डनं तो मग काढला 1987 मध्ये. बुडाशी साल कोरलंय म्हणून वस्तू त्या सालची नसते, असं आता प्रत्येकाला सांगत सुटलेत, जणू त्यांनीच शोध लावला."

"आपल्याकडची काच नाही ठेवत का? का सगळी विलायती, फिरोजाबादी?"

"ठेवतात की. ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील आहे. कऱ्हाडजवळ ओगल्यांनी 1916 साली कारखाना काढला, तिथला. मगात बसत नाही, तरी कपाटात सगळ्यात वर तोच. अन् तळेगावच्या पैसा फंडाची गोष्ट लागली की थांबत नाहीत. अंताजीपंत काळे नावाचे गृहस्थ, माणशी एक पैसा मागत गावोगाव फिरले, टिळक पाठीशी उभे राहिले, अन् 1908 मध्ये काचेचा कारखाना चालू झाला. एका पैशावर कारखाना! त्या तळेगावच्या मालाचा एखादा तुकडा मिळावा म्हणून जीव टाकतात. अजून मिळालेला नाही."

"अन् माई काय म्हणतात? दीड खोल्यांचं घर, त्यात काचेची दुकानदारी."

"माई आधी खूप बोलायच्या. मंग अण्णा त्यांना पुण्याला घेऊन गेले, बाजीराव रस्त्यावरच्या केळकर संग्रहालयात. दिवे, अडकित्ते, दौती, वीस हजारांच्या घरात वस्तू. काका केळकरांनी एकेक करून जमवल्या, 1975 साली सरकारच्या हवाली केल्या. अण्णांना वाटलं, आता माई भारावतील. माईंनी सगळं पाहिलं अन् विचारलं, 'यांच्या बायकोला पुसायला किती वेळ लागत असेल?'"

"बरोबर विचारलं वो!"

"तेव्हापासून ठरलंय. नवा मग आला की जुन्यातला एक कुणाला तरी द्यायचा, अन् धूळ अण्णांनीच पुसायची. अण्णा देतात, पण कानावर चीर गेलेलाच."

"मला एक द्यायला सांगा ना. बोळके-बिळके ठेवीन."

"थांबा, तुमच्याच घरची गोष्ट राहिली. मागच्या रविवारी आग्रा रोडवर बिनउघडलेला सेट मिळाला, जग अन् सहा कानवाले मग, जांभळी द्राक्षं काढलेली. खोक्याच्या आत आहेराच्या चिठ्ठ्या होत्या, एकाखाली एक, चार."

"चार लग्नं फिरला म्हणजे?"

"हो. अन् सगळ्यात खालची चिठ्ठी तुमच्या सासऱ्यांच्या नावाची. 'सहकुटुंब' असं लिहून."

"अगं माय! तो धाकट्या नणंदेच्या जावेच्या लग्नातला असेल. सासूबाई अजून सांगतात, आम्ही त्यांना एवढा भारी सेट दिला, अन् त्यांनी आपल्याला काय दिलं, तर भिंतीवरचं घड्याळ."

"मंग सांगायचं का त्यांना?"

"छे! अजिबात नाही. अन् ताई, ते घड्याळ बंद पडलंय, अण्णा घेतात का विचारा."