ठाणा कुठल्या बाजूला?

आमचे तात्या म्हणजे आत्याचे यजमान. विट्याच्या एका हायस्कुलातून हेडमास्तर म्हणून निवृत्त झाले, त्याला आता चौदा वर्षं झाली. विषय इतिहास. दरवर्षी फळ्यावर ते एक तारीख लिहायचे, १६ एप्रिल १८५३, आणि तिच्याखाली सुवाच्य अक्षरात : पहिली आगगाडी, बोरीबंदर ते ठाणे, ३४ किलोमीटर, चौदा डबे, चारशे पाहुणे, साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिनं, एकवीस तोफांची सलामी. ठाणे मात्र त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. गेल्या महिन्यात फोन आला, "मरायच्या आधी ते स्टेशन एकदा दाखव रे." वाक्यातले पहिले दोन शब्द मी तेव्हा मनावर घेतले नाहीत.

निघताना त्यांनी गल्लीत जाहीर केलं, "भाचा मला ठाण्याला नेतोय." गल्ली गप्प झाली. ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ सालचं, आणि तेव्हापासून घाटावर 'ठाण्याला नेणे' या वाक्प्रचाराचा अर्थ एकच. शेजारच्या काकूंनी आत्याला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "कधीपासून असं करतायत?" पुढे जे घडलं ते पाहता काकूंचा प्रश्न मला तितकासा गैरलागू वाटत नाही.

कराडहून महालक्ष्मी एक्स्प्रेसनं तात्या पहाटे कल्याणला उतरले. ही गाडी आमच्या डोंबिवलीला थांबत नाही, म्हणून मी घ्यायला गेलो होतो. त्या वेळच्या लोकलमध्ये आम्हाला समोरासमोर खिडकी मिळाली. तात्या ठाकुर्लीपर्यंत वारा खात म्हणाले, "उगाच बदनाम करता तुम्ही लोक." मी काही बोललो नाही. पहाटेच्या लोकलवरून मत बनवणं म्हणजे साखरपुड्यावरून संसाराचा अंदाज बांधणं.

डोंबिवलीला शेअर रिक्षा केली. मागच्या सीटवर दोघं आधीच होते, तिसरा मी बसलो. तात्यांनी चालकाला विचारलं, "तीनच माणसं बसवायचा नियम आहे ना?" तो नम्रपणे म्हणाला, "मागं तिघंच आहेत काका. तुम्ही पुढं आहात." मग तात्या पुढे बसले. बसले म्हणजे अर्धे बसले, उरलेले अर्धे कल्याण-डोंबिवलीच्या हवेत होते. जाता जाता त्यांनी मीटर कुठे आहे तेही विचारलं. मीटर होता. त्याला लिंबू-मिरची बांधली होती. महामुंबईत फेब्रुवारी २०२५ मध्ये रिक्षाचं किमान भाडं २६ रुपये झालं हे त्यांनी वर्तमानपत्रात वाचलं होतं, आणि आम्ही ते वर्तमानपत्रातच वाचतो.

ठाण्याला रस्त्यानं का जायचं नाही, असा त्यांचा रास्त सवाल होता. मी त्यांना आमच्या पुलांचा इतिहास सांगितला. कल्याणचा पत्री पूल २०१८ साली पाडला, नवा २०२१ च्या जानेवारीत उघडला. कल्याण-शीळ रस्त्यावरचा पलावाचा पूल ४ जुलै २०२५ रोजी सुरू झाला आणि दुचाक्या घसरायला लागल्यावर त्याच दिवशी बंदही झाला. "म्हणजे उद्घाटन आणि सुधारणा एकाच दिवशी," तात्या म्हणाले. हेडमास्तरांना सकारात्मक शेरे लिहायची सवय असते.

तेव्हा लोकलच. नाश्त्यानंतर आमच्या हिनं त्यांची तयारी घेतली. पाकीट पुढच्या खिशात. बॅग पोटाशी. (सकाळी आठ ते दहा या वेळात डोंबिवली स्टेशनवर पुरुषांसकट सगळे सात महिन्यांचे दिसतात ते यामुळे.) घड्याळ घरी. मोबाइल आत, आणि दारात उभं राहिलात तर तो कानाला लावायचा नाही, कारण रुळांच्या कडेला काठी घेऊन उभी असलेली पोरं हातावर फटका मारतात, फोन खाली पडतो, गाडी पुढे जाते. या कलेचं नावच 'फटका' आहे. तात्यांनी सगळं वहीत लिहून घेतलं आणि शेवटी विचारलं, "आणि रेल्वेनं काय करायचं?" ही म्हणाली, "रेल्वे सूचना देते ना."

देते. हे मान्यच केलं पाहिजे. फलाटावर आम्ही पोचलो तेव्हा सूचनांचा नुसता पाऊस पडत होता. रूळ ओलांडू नका, चालत्या गाडीत चढू नका, दारात लोंबकळू नका, फलाट आणि पायदान यांच्यातल्या अंतराकडे लक्ष द्या. तात्या प्रत्येक सूचनेला मान डोलावत होते. सबंध फलाटावर ती घोषणा ऐकणारा तो एकच माणूस होता.

पहिली गाडी आली. तात्यांनी आधी उतरणाऱ्यांना उतरू दिलं. ते उतरले, तोवर गाडी गेली.

दुसरी आली. तात्या फलाट आणि पायदान यांच्यातल्या अंतराकडे लक्ष देत राहिले. तीही गेली.

तिसऱ्या गाडीच्या दारात माणसं लोंबकळत होती, म्हणून नियमाप्रमाणे त्यांनी ती सोडली. चौथीच्याही लोंबकळत होती. पाचव्या गाडीनंतर मला स्पष्टच सांगावं लागलं, "तात्या, सूचना पाळणारा माणूस डोंबिवलीतच राहतो."

मध्ये त्यांचं लक्ष इंडिकेटरकडे गेलं. पलीकडच्या फलाटावर एक गाडी लागली होती आणि तिच्या नावाशी इंग्रजी 'एन' लिहिलेला होता. एन म्हणजे कुठलं गाव? कसारा. आणि कर्जत? कर्जतला 'एस'. ईशान्येकडची लाइन म्हणून नॉर्थचा एन आणि आग्नेयेकडची म्हणून साउथचा एस. गावाचं नावच सरळ लिहिण्याची सोपी वाट रेल्वेला सुचली नसेल असं नाही. पण पाहुण्याला इतक्या सहज गाव सापडलं तर तो वारंवार यायचा. शिवाय नियम असा की कर्जत-कसाऱ्याच्या गाडीत डोंबिवलीकरानं चढू नये. कायद्यात असं कुठे नाही, पण त्या गाडीतल्या नजरा वाचल्या तर कायदा वाचावा लागत नाही.

सहाव्या गाडीत आम्ही चढलो. चढलो हे क्रियापद कर्तरी आहे म्हणून चुकीचं आहे. आम्ही चढवले गेलो. रेल्वेच्या भाषेत या गर्दीला 'सुपर डेन्स क्रश लोड' म्हणतात, म्हणजे एका चौरस मीटरमध्ये चौदा ते सोळा उभी माणसं. तात्यांनी त्याही अवस्थेत तोंडी हिशोब केला : १८५३ साली चौदा डब्यांत चारशे, म्हणजे डब्याला एकोणतीस धरा. "इथं तेवढे माझ्या बगलेत आहेत," ते कुठूनतरी म्हणाले. आवाज ओळखीचा होता, माणूस दिसत नव्हता.

दिवा गेलं, आणि मुंब्र्याच्या वळणावर डबा एकाएकी शांत झाला. निदान मला तरी तसं वाटलं. ९ जून २०२५ च्या सकाळी याच वळणावर दोन लोकल शेजारून गेल्या, दोन्हींच्या दारात माणसं लटकलेली होती, ती एकमेकांना घासली आणि रुळांवर पडली. किमान चौघांचा जीव गेला. त्यानंतर स्वयंचलित दारांची साधी लोकल जानेवारी २०२६ पर्यंत आणायचं जाहीर झालं. रेल्वेच्या चौकशीत बोट गेलं ते एका प्रवाशाच्या पाठीवरच्या फुगीर बॅगेकडे. लोहमार्ग पोलिसांनी मात्र रुळांच्या देखभालीवरून दोन अभियंत्यांवर गुन्हा नोंदवला. न्याय यथावकाश होईल. माझं म्हणणं एवढंच की ज्या गाडीत माणूस मावत नाही तिथं बॅग किती फुगली हे मोजायला फार बारीक दृष्टी लागते. आम्ही त्या दिवसापासून बॅग पोटाशी धरतो, आणि एवढ्यावर आमच्या बाजूची सुरक्षा व्यवस्था पूर्ण होते.

कळवा गेल्यावर डब्यात तो प्रश्न उठला जो या मार्गावर रोज लाखो वेळा विचारला जात असेल : "ठाणा? ठाणा कुठल्या बाजूला?" ठाणे नाही, ठाणा. तात्यांनी तिथल्या तिथे व्याकरण दुरुस्त केलं. दुरुस्ती होईपर्यंत फलाटाच्या बाजूला गर्दी सरकली, उतरणारे उतरले, चढणारे घुसले, आणि आम्ही होतो तिथून दोन हात आत गेलो. ज्या स्टेशनासाठी माणूस विट्याहून आला होता ते त्याला कुणाच्या तरी काखेतून, अर्धा मिनिट, पिवळ्या पाटीएवढं दिसलं. आम्ही घाटकोपरला उतरलो. तिथंही आम्ही उतरलो म्हणण्यात अर्थ नाही.

तात्यांच्या सदऱ्याचं एक बटण कमी होतं, चष्म्याची दांडी वाकली होती, वही शाबूत होती. उलट्या दिशेची धीमी लोकल पकडली तर ती जवळपास रिकामी. तात्या खिडकीशी बसले आणि मुलुंड आल्यावर एकदम खुलले. "अरे, ती पहिली गाडी याच दिशेनं गेली होती! मुंबईहून ठाण्याला!" खरंच की. आम्ही सकाळभर इतिहासाच्या विरुद्ध दिशेनं जायचा प्रयत्न करत होतो.

ठाण्याला ते फलाटावर उतरले आणि बाकावर बसून राहिले. तोफा वगैरे काही नव्हतं. पुलावर चढणारी आणि उतरणारी माणसं एकाच जिन्यावर एकमेकांत अडकली होती, आणि तात्या तो जिना बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "आमच्या शाळेला दार एकच होतं. पोरं नऊशे. मी घंटा तीनदा द्यायचो. आधी पाचवी-सहावी, मग सातवी-आठवी, मग मोठी. पंचवीस वर्षांत एकाचं ढोपर फुटलं नाही." मी सांगितलं की कार्यालयांनी वेळा मागेपुढे कराव्यात अशी विनंती खुद्द रेल्वेनं केलेली आहे. "विनंती?" तात्या म्हणाले. "घंटा विनंती करत नसते."

परत येताना दुपारी दोनची गाडी धरली, बसून आलो. रात्री महालक्ष्मीला बसवताना त्यांनी वहीचं पान फाडून मला दिलं. वर शीर्षक, 'पाहुण्यांसाठी सूचना', आणि खाली एकच ओळ : कामाच्या दिवशी जाऊ नये.

तर वाचकहो, गावाकडून कुणी ठाणे-कल्याण बघायला येणार असेल तर रविवारी बोलवा. तात्या पुन्हा येतायत, आत्यालाही आणतायत, रविवार नक्की झालाय. त्या रविवारी ठाणे-कल्याण मेगाब्लॉक आहे.