एक नंबर थंड

आमच्या घरात पदार्थाची चौकशी चवीपासून नाही, प्रकृतीपासून सुरू होते. पपई उष्ण, काकडी थंड. स्पार्क प्लगलाही अशीच प्रकृती असते, हे मला टर्बो पेट्रोल गाडी रीमॅप केल्यावर कळलं. मिस्त्री म्हणाले, "साहेब, ताकद वाढली, आता प्लग एक नंबर थंड घाला." आईनं हे ऐकलं आणि म्हणाली, "मग दोन नंबर थंड घाल की. उन्हाळा आहे."

प्लगच्या टोकाची उष्णता झटपट सिलिंडर हेडकडे पोचवतो तो थंड. आतलं चिनीमातीचं नाक लांब असलं की उष्णता रेंगाळते, तो गरम. टोक साधारण ४५० अंश सेल्सियसच्या वर राहिलं तरच काजळी आपोआप जळते. फारच तापलं, तर ठिणगी पडायच्या आतच मिश्रण पेटतं आणि पिस्टनला भोक पडू शकतं. आईचं ऐकलं असतं, तर कर्वे रोडच्या ट्रॅफिकमध्ये रांगता रांगता प्लग काळेठिक्कर झाले असते आणि गाडी मिसिंग मारू लागली असती.

नाना पेठेत प्लग घ्यायला गेलो आणि रुबाबात म्हणालो, "सातचा होता, आता एक नंबर वरचा द्या." दुकानदारानं मान वर न करता विचारलं, "कुणाच्या वरचा?" प्रश्न रास्त होता. एनजीकेचा आकडा वाढला की प्लग थंड होतो, बॉशचा वाढला की गरम. या दोघांना एकदा समोरासमोर बसवून चहा पाजायला हवा होता.

मग धातूचा प्रश्न. तांब्याचा म्हणून विकतात, त्या प्लगचं टोक निकेलच्या मिश्रधातूचं असतं. तांबं पोटात, आणि ते बहुतेक महागड्या प्लगांच्याही पोटात असतंच. इरिडियम वितळायला २,४०० अंशांहून जास्त तापमान लागतं, म्हणून त्याचं टोक ०.६ मिलिमीटरइतकं बारीक करता येतं आणि तरी ते टिकतं. मी इरिडियम घेतले. खिशानं हरकत नोंदवली.

खरी पूजा गॅरेजमध्ये झाली. मिस्त्रींनी जुने चारही प्लग वर्तमानपत्रावर सिलिंडरच्या क्रमानं मांडले. चौघांचीही टोकं फिकट तपकिरी, म्हणजे इंजिन सुखी. मग चष्मा कपाळावर चढवून फीलर गेजची ०.७ मिलिमीटरची पट्टी नव्या प्लगच्या फटीतून सरकवली. बूस्ट वाढला की सिलिंडरमधली हवा दाटते आणि ठिणगीला उडी मारायला जास्त व्होल्टेज लागतं. म्हणून फट लहान. वाकवायची ती फक्त बाहेरची पट्टी. मधल्या टोकाला हात नाही. चेतक स्कूटरचा प्लग काढून पॉलिश पेपरनं घासणाऱ्या पिढीला हा सोवळेपणा जड जातो.

नव्या प्लगनं हॉर्सपॉवर वाढत नाही. जुन्यानं खाल्लेली परत मिळते, एवढंच. तुमची गाडी कंपनीतून आली तशीच असेल, तर पुस्तकातला नंबर गुपचूप घाला. रीमॅप केली असेल, तर ट्यूनरला विचारून एक पायरी थंड घ्या. आणि दुकानात आकड्याआधी कंपनीचं नाव सांगा.