आजींचे वीस टक्के

अमेरिकेत लेकीकडे नाहीतर मुलाकडे सहा महिने राहून आलेल्या कुठल्याही काकांच्या पोतडीत काही गोष्टी ठरलेल्या असतात. तिथले रस्ते, तिथलं दूध, हॉर्न न वाजवणारी माणसं आणि ती कॉफीवाली म्हातारी. पहिल्या तिन्ही गोष्टी काका कौतुकानं सांगतात. चौथीला मात्र खुर्चीत जरा पुढे सरकतात. “मॅकडोनाल्डची कॉफी घेऊन बाई गाडी चालवत होती. कॉफी मांडीवर सांडली. बाईनं दावा ठोकला, का तर म्हणे कॉफी गरम होती! आणि कोर्टानं दिले की हो तीस लाख डॉलर!” काका इथे दम घेतात. तेवढ्यात काकूंनी मनातल्या मनात डॉलरचे रुपये केलेले असतात. मग कोणीतरी म्हणतं, “आपल्याकडे असं असतं तर अमृततुल्यवाले केव्हाच देशोधडीला लागले असते.” आणि वाफाळता चहा बशीत ओतून, त्यावर फुंकर घालत सगळी बैठक एकमतानं निकाल देते: कॉफी म्हटल्यावर गरम असायचीच. ज्यानं त्यानं आपलं बघून प्यावं.

हा निकाल आपल्याला लगेच पटतो, कारण आपण वाढलोच त्यावर. मराठी घरात न्यायदानाची दोन पीठं असतात. पोर टेबलावर आपटलं की आजी धावत येते आणि टेबलाला चापट मारते: “हात् रे लबाडा, आमच्या बाळाला मारतोस?” हे पहिलं पीठ. दुसरं पीठ स्वयंपाकघरातून, पोळी लाटता लाटताच निकाल देतं: “डोळे कुठे होते? बघून चालता येत नाही?” पहिल्या पीठापुढे सगळा दोष टेबलाचा, दुसऱ्यापुढे सगळा पोराचा. शाळेत जायला लागल्यावर पहिलं पीठ कायमचं बंद होतं आणि उरलेलं आयुष्य दुसऱ्याच्याच अखत्यारीत जातं. पाकीट मारलं गेलं? एवढे पैसे घेऊन जायचं कशाला? खड्ड्यात पडलात? पावसाळ्यात खड्डे असतात, हे काय आज कळलं? मिक्सरनं शॉक दिला? ओल्या हातानं लावला असशील. तेव्हा एकोणऐंशी वर्षांच्या बाईसाठी कोर्टानं टेबलाला चापट मारली, हे ऐकून आपल्याला हसू येणं अगदी साहजिक आहे.

पण प्रत्यक्षात घडलं ते वेगळंच. त्या बाई गाडी चालवत नव्हत्या. २७ फेब्रुवारी १९९२ ला न्यू मेक्सिकोतल्या आल्बुकर्की शहरात नातवानं त्यांना मॅकडोनाल्डच्या खिडकीवरून ४९ सेंटची कॉफी घेऊन दिली, गाडी बाजूला लावून थांबवली, आणि शेजारच्या सीटवर बसलेल्या आजी दूध-साखर घालायच्या तयारीला लागल्या. कप ठेवायला जागा नव्हती म्हणून त्यांनी तो गुडघ्यांमध्ये धरला आणि झाकण ओढलं. सगळी कॉफी मांड्यांवर सांडली, अंगातल्या सुती पँटनं ती शोषून घेतली आणि कातडीला धरून ठेवली. थर्ड डिग्री, म्हणजे कातडीच्या आरपार भाजणं; तेही शरीराच्या सहा टक्के भागावर. आठ दिवस इस्पितळात मुक्काम, कातडी काढून दुसरीकडे लावायच्या शस्त्रक्रिया. काकांच्या आवृत्तीत इस्पितळ नसतं. त्यात कॉफी सांडते आणि थेट चेक येतो.

आजी लगेच कोर्टातही गेल्या नाहीत. त्यांनी कंपनीला लिहून वैद्यकीय खर्च आणि बुडालेलं उत्पन्न म्हणून वीस हजार डॉलर मागितले. कंपनीनं देऊ केले आठशे. आपल्याकडे लग्नातसुद्धा मानपानाच्या घासाघिशीत याहून बरी सुरुवात होते. खटला उभा राहायच्या आधी मध्यस्थानं सव्वादोन लाखांवर मिटवायला सुचवलं होतं. कंपनीनं तेही मानलं नाही. कंपनीच्या मागे दुसऱ्या पीठाची सगळी पुण्याई उभी होती. गरम कॉफी, हातात झाकण, सांडली कोणी? त्यांनीच! यात विचार करण्यासारखं काय आहे?

ज्यूरीतल्या बारा जणांनाही आधी हेच वाटत होतं. कॉफी सांडल्याच्या खटल्यासाठी आपल्याला कामधंदा सोडून इथे का बसवलंय, असा काहींचा सूर होता. मग पुरावे पुढे येऊ लागले. ती कॉफी ८२ ते ८८ अंश सेल्सियसवर ठेवायची हा कंपनीचाच नियम होता. घरच्या कॉफीपेक्षा कितीतरी गरम, आणि काही सेकंदांत कातडी जाळेल इतकी. गिऱ्हाईक कॉफी घेऊन घरी किंवा ऑफिसात जाऊन पितं, तोवर ती गरम राहायला हवी, असं कंपनीचं म्हणणं. पण लोक ती गाडीतच पितात, हे कंपनीच्या पाहणीत दिसलेलं होतं. आधीच्या दहा वर्षांत भाजल्याच्या सातशेच्या आसपास तक्रारी आल्या होत्या. काहींना पैसेही दिले होते. कंपनीच्याच माणसानं साक्षीत कबूल केलं की दिली जाते तेव्हा ती कॉफी पिण्याजोगी नसते, तोंड आणि घसा भाजेल. तरीही ती कमी गरम ठेवायचा विचार नाही. अब्जावधी कपांमागे सातशे तक्रारी म्हणजे जवळजवळ नाहीतच, असाही हिशेब मांडला गेला. हिशेब बरोबर होता. फक्त तो भाजलेल्या बाईसमोर बसून मांडला होता.

१८ ऑगस्ट १९९४ ला ज्यूरीनं निकाल दिला, आणि त्यातला सगळ्यात सुंदर भाग कोणीच सांगत नाही. आजींचं नुकसान दोन लाख डॉलरचं, असं त्यांनी ठरवलं. आणि मग यात आजींची स्वतःची चूक किती, हेही ठरवलं. वीस टक्के! कप गुडघ्यांत धरला त्याचे वीस, कंपनीचे ऐंशी. दोन लाखांतले चाळीस हजार आजींच्या नावावर वजा झाले, उरले एक लाख साठ हजार. बैठकीत आपण ज्या वैयक्तिक जबाबदारीची आठवण करून देतो, तिचा हिशेब त्या बारा जणांनी आपल्या आधीच करून टाकला होता. आपल्या घरातल्या दोन्ही पीठांना इतक्या वर्षांत हे साधलेलं नाही. आपल्याकडे शून्य किंवा शंभर. वीस हा आकडाच आपल्या न्यायदानात नाही.

मग ते लाखो डॉलर कुठून आले? ते भरपाईचे नव्हतेच. भरपाईवर आणखी दंड बसवायची तिथल्या कायद्यात सोय आहे. माणसाला फटका बसेल असा दंड मोठ्या कंपनीच्या खिजगणतीतही येत नाही, म्हणून तो तिच्या अंगावर बेतेल असा हवा, हे त्यामागचं तत्त्व. कंपनीच्या कॉफीची साधारण दोन दिवसांची विक्री धरून ज्यूरीनं सत्तावीस लाख डॉलर ठोठावले. दोनच दिवसांची! एवढी रक्कम ऐकून जगाचे डोळे पांढरे झाले, ते दंडामुळे झाले की दोन दिवसांच्या कॉफीमुळे, याचा निवाडा कोणी केलेला नाही.

काकांची गोष्ट या आकड्यावर संपते. खटला संपत नाही. न्यायाधीशांनी महिनाभरातच तो दंड चार लाख ऐंशी हजारांवर आणला. दोन्ही बाजू अपिलात निघाल्या आणि शेवटी कोर्टाबाहेर मिटलं. रक्कम गुप्त राहिली. पण ‘म्हातारीला लाखो डॉलर’ ही बातमी वेगानं पसरते. ‘न्यायाधीशांनी रक्कम घटवली’ या बातमीला पायच नसतात.

या गोष्टीच्या मागोमाग आणखी एक गोष्ट फिरायची. एक गृहस्थ घरासारखी मोठी मोटार चालवत होते, क्रूझ कंट्रोल लावला आणि स्टिअरिंग सोडून मागे कॉफी करायला गेले. गाडी आपटली. कंपनीनं पुस्तिकेत ‘असं करू नये’ लिहिलं नव्हतं म्हणून त्यांना लाखो डॉलर आणि नवी गाडी मिळाली. असा खटला कधी झालाच नाही. तरीही ती गोष्ट ईमेलवर बसून सगळं जग फिरली, कारण ती खरी असावी असं सगळ्यांनाच मनापासून वाटत होतं. दुसऱ्याचा मूर्खपणा फुकट ऐकायला मिळाला, तर पुरावा कोण मागतो?

ज्यूरीचा हात कधीच सैल सुटत नाही, असं मात्र नाही. अलाबामातल्या एका डॉक्टरांनी नवी कोरी बीएमडब्ल्यू घेतली आणि नऊ महिने सुखानं चालवली. मग ती आणखी चकचकीत करून घ्यायला नेली, तेव्हा कारागिरानं ओळखलं की गाडीला विकण्याआधीच पुन्हा रंग दिला आहे. प्रवासात खराब झालेला रंग कंपनीनं गुपचूप दुरुस्त केला होता. डॉक्टर फसवणुकीचा दावा घेऊन कोर्टात. ज्यूरीनं नुकसान धरलं चार हजार डॉलर आणि दंड केला चाळीस लाख! राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं त्याचे वीस लाख केले, १९९६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं तेही अवाच्या सवा ठरवले, आणि सरतेशेवटी पन्नास हजार उरले. इथे काकांचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. मुद्दा एवढाच की ते तिथल्या न्यायमूर्तींनाही पटलं होतं.

आणि याच्या अगदी दुसऱ्या टोकाला फोर्डची पिंटो गाडी. मागून धडक बसली की हिची पेट्रोलची टाकी फुटायची. १९७२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या रस्त्यावर अशीच एक गाडी पेटली. चालवणारी बाई गेली, बरोबरचा तेरा वर्षांचा मुलगा भयंकर भाजला. मोजक्या डॉलरांत होणाऱ्या दुरुस्त्या कंपनीला माहीत होत्या, तरी केल्या गेल्या नाहीत, हे कोर्टापुढे आलं. ज्यूरीनं साडेबारा कोटी डॉलरचा दंड केला. न्यायाधीशांनी तो पस्तीस लाखांवर आणला. आता या मुलाला विचारून बघा, “बघून बसता येत नव्हतं का?” काही प्रश्न विचारतानाच आपली जीभ अडखळते, हे आपल्या संस्कारांचं भाग्यच म्हणायचं.

अशा खटल्यांच्या धास्तीनं तिथे एक नवंच वाङ्मय जन्माला आलं: सूचनांचं. बाबागाडी घडी करण्यापूर्वी बाळ बाहेर काढावे. केस वाळवण्याचे यंत्र झोपेत वापरू नये. मिशिगनमधल्या एका संस्थेनं तर सगळ्यात वेडगळ सूचनेसाठी वार्षिक स्पर्धाच ठेवली होती. या वाङ्मयाचा एक छोटा नमुना आता आपल्याकडेही नव्या बुटांच्या खोक्यात पुडीच्या रूपानं येतो: खाऊ नका. बूट घ्यायला गेलेला माणूस इतका उपाशी असेल, हे वकिलाशिवाय कोणाला सुचणार?

पण आपण तरी कुठे मागे आहोत? तिकडे कंपनी घाबरून सांगते, ‘असं करू नका, इजा होईल’. आपल्याकडे कोणी घाबरत नाही, म्हणून पाटी वेगळी असते. ‘वाहने स्वतःच्या जबाबदारीवर उभी करावीत.’ ‘चपला हरवल्यास व्यवस्थापन जबाबदार नाही.’ ‘एकदा विकलेला माल कोणत्याही कारणास्तव परत घेतला जाणार नाही.’ त्यांचं वाङ्मय गिऱ्हाइकाला मूर्ख समजतं, आपलं वाङ्मय त्याला पोरका समजतं. ‘कोणत्याही कारणास्तव’ यातला ठामपणा पाहून तर आपलाच काहीतरी गुन्हा झाला असावा, असं वाटून माणूस माल तसाच घरी घेऊन जातो.

असा टक्क्यांचा हिशेब करणारी ज्यूरी आपल्याकडे राहिली नाही. मुंबईच्या नानावटी खटल्यात १९५९ मध्ये ज्यूरीनं आठ विरुद्ध एक मतांनी निर्दोष ठरवलेल्या आरोपीला उच्च न्यायालयानं जन्मठेप दिली. आपल्या ज्यूरीची आठवण निघते ती तेवढ्यापुरतीच. पण कायदा आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष वस्तूमुळे इजा झाली तर बनवणारा आणि विकणारा यांच्या दायित्वावर स्वतंत्र प्रकरणच आहे, आणि तो जुलै २०२० पासून लागू आहे. गंमत म्हणजे दुसऱ्या पीठालाही त्यात मानाचं पान आहे: जो धोका उघड आहे किंवा सगळ्यांना ठाऊक असतो, त्याची सूचना दिली नाही म्हणून उत्पादक जबाबदार धरला जात नाही. सुरी कापते, हे सुरीवर लिहायला नको. मात्र कॉफी गरम असते हे ठाऊक असणं वेगळं आणि ती काही सेकंदांत इस्पितळात पोचवेल हे ठाऊक असणं वेगळं. आल्बुकर्कीच्या बारा जणांनी नेमका हाच फरक मोजला. आणि त्या ठाम पाटीचं काय? बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत नसेल तर तीस दिवसांत, सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही याच कायद्यानं अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. पाटी कितीही सुवाच्य अक्षरात असली तरी.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच. पुढच्या खेपेला वस्तू बिघडली, फुटली, चटका देऊन गेली, तर आपले वीस टक्के कुठले ते आधी प्रामाणिकपणे शोधा. कधी ते दहा असतील, कधी चक्क नव्वद. सापडतील तेवढे मुकाट्यानं सोडा आणि उरलेले, आवाज न चढवता पण न लाजता, दुकानदाराकडे मागा. आणि बिल जपून ठेवा. ती जबाबदारी मात्र शंभर टक्के आपली.