वकिलीणबाईंचं निळं न्हाणीघर

वहिनी, अहो वहिनी! या जरा गडग्यापाशी. मोठ्यानं बोलायची सोय नाही, त्यांच्या माडीच्या खिडक्या सताड उघड्या आहेत. वकिलीणबाईंचं नवं न्हाणीघर पाहिलंत का? नाही? हो की, तुम्ही तेव्हा माहेरी होतात. सगळ्या आळीला चहाला बोलावलं होतं. आधी न्हाणीघर, मग स्वयंपाकघर आणि मग चहा. पोहे गार झाले तोवर, पण ते असो.

निळं-पांढरं हो! खाली फरशीपासून वर छतापर्यंत. चारी भिंती, खिडकीच्या कडा, बेसिनखालचा कोनाडा, जिथं बघावं तिथं वेलबुट्ट्या, पक्षी, गलबतं. आत गेले आणि नळ कुठे आहे तेच कळेना. साडीला काठ शोभतो, पण अंगभर काठच काढले तर नेसायचं काय? आणि वर म्हणतात कशा, "पोर्तुगीज आहेत, गोव्याहून आणल्या."

मी आपली गप्प. पण आमच्या भावोजींचं कुडाळला टाइल्सचं दुकान आहे हे त्या विसरल्या वाटतं. लग्न होऊन आले तेव्हापासून या घरात जेवताना फरशीखेरीज दुसरा विषय ऐकलेला नाही मी. त्या टाइल्स मोरबीच्या. मागच्या पडवीत रिकामे खोके रचलेत, त्यांवर गुजरातचा पत्ता आहे. आता मोरबीत वाईट काय? आपल्या दोघींच्या घरी तिथलंच आहे. माल चांगला, भाव परवडणारा. मग मोरबीच्या म्हणून सांगा की! भावोजी म्हणतात, निळ्या-पांढऱ्याला मागणी आली की गिऱ्हाईक पहिला प्रश्न हाच विचारतं, "गोव्यासारख्या आहेत ना?"

ओळखायचं कसं ते सांगते. मोरबीत आता यंत्र शाई फवारून चित्र छापतं. चार-सहा नमुने असतात आणि तेच आलटूनपालटून येत राहतात. वकिलीणबाईंकडे शेपटी वळवलेला एक पक्षी आहे. तोच पक्षी, तीच शेपटी, शॉवरखाली, दाराजवळ, गीझरच्या बाजूला. हाताने रंगवलेल्या टाइलमध्ये दोन पक्षी जुळे नसतात. कुंचला टेकला तिथं निळा गडद, उचलला तिथं फिका. जुन्या पद्धतीत भाजलेल्या मातीच्या टाइलवर कथलाची पांढरी झिलई द्यायची, ती नुसती वाळली की तिच्यावरच चित्र काढायचं. कोरडी झिलई रंग शोषून घेते, म्हणून खोडरबराचं काम नाही. रेघ चुकली की चुकली. मग परत भट्टी. रंग झिलईत विरघळून बसतो, म्हणून तो घासून जात नाही. वरवर चिकटवलेल्या चित्रांची गोष्ट वेगळी, तारेच्या घासणीने दोन-चार वर्षांत फुलं पुसट होतात.

निळाच का म्हणता? मीही भावोजींना तेच विचारलं होतं. कोबाल्ट. बाकीचे कितीतरी रंग भट्टीच्या आचेला उडून जातात नाहीतर काळवंडतात, कोबाल्ट टिकतो, आणि चिमूटभर पुरतो. म्हणून तर चिनी लोकांनी चौदाव्या शतकात इराणहून कोबाल्ट आणवला आणि जिंगडेझेनला ती निळी-पांढरी भांडी घडवली. म्हणजे वकिलीणबाईंचा पोर्तुगीज निळा मुळात इराणी, तोही चीनमार्गे. तिथून डच जहाजांतून हॉलंडला. १६४४ मध्ये चीनमधलं मिंग राज्य बुडालं, तिकडच्या धुमश्चक्रीत माल यायचा थांबला, आणि डेल्फ्टच्या कुंभारांनी हात धुऊन घेतले. चिनी भांड्यांची हुबेहूब नक्कल सुरू! गंमत म्हणजे डेल्फ्टच्या म्हणून मिरवणाऱ्या कितीतरी टाइल्स रॉटरडॅमला आणि हार्लिंगेनला बनलेल्या. तेव्हा गावाचं नाव लावून माल खपवायची युक्ती आपल्या आळीत निघालेली नाही.

आमची धाकटी डेल्फ्टला शिकायला होती ना, तिने फोटो पाठवले होते. त्या जुन्या टाइल्स वीतभरसुद्धा नाहीत, साधारण तेरा सेंटिमीटरच्या चौकोनी. मधोमध एवढंसं चित्र, भोवरा फिरवणारा पोरगा, नाव, मेंढपाळ. चार कोपऱ्यांत इवलीशी नक्षी. बाकी सगळं पांढरं मोकळं. वहिनी, खरी मेख इथं आहे. पांढरं मोकळं सोडलंय म्हणून तो निळा बोलतो. आणि लावायच्या कुठे? चुलीभोवती, स्वयंपाकघरात, आणि भिंतीच्या पायथ्याशी एक ओळ. आपण स्कर्टिंग म्हणतो तेच. लादी पुसताना ओलं फडकं चुन्याच्या भिंतीला लागून ती खराब होऊ नये म्हणून. व्हर्मियर नावाचा चित्रकार डेल्फ्टचाच. त्याचं दूध ओतणाऱ्या मोलकरणीचं चित्र आहे ॲम्स्टरडॅमच्या म्युझियममध्ये, १६६० च्या आसपासचं. लेकीने त्याचं कार्ड पाठवलं तर मी आधी बाई बघितलीच नाही, तिच्या पायाशी भिंतीला लागून निळ्या टाइल्सची ओळ दिसली. एक ओळ! बाकी भिंत पांढरी, खिळ्यांच्या भोकांसकट.

म्हणजे डचांकडे ही कामाची वस्तू. धूर, पाणी, तेल लागेल तिथं बसवायची, फडकं मारलं की स्वच्छ. दालनात भिंतभर मिरवलं ते पोर्तुगीजांनी, तेवढं श्रेय त्यांना द्यायला हवं. सतराव्या शतकाच्या शेवटी आधी त्यांनी हॉलंडवरून टाइल्स मागवल्या, मग म्हणाले आपणच करू, आणि अख्ख्या भिंतीभर चित्रं रंगवली. पोर्तोच्या साव बेंतो रेल्वे स्टेशनात सुमारे २०,००० टाइल्स आहेत, लढाया, राजे, शेतकरी. ते ज्याने रंगवलं त्याच जॉर्ज कोलासोचं काम आपल्या पणजीत आहे की! मेनेझेस ब्रागांझा संस्थेच्या दालनात शिरलं की भिंतीवर वास्को द गामाची सगळी सफर, कामोइश कवीच्या महाकाव्यातली. १९३५ चं काम. बांद्यावरून बस धरली तर सकाळी जाऊन संध्याकाळी परत. पण वकिलीणबाईंना त्याची खबरच नाही. त्या म्हणाल्या, "आम्ही कलंगुटला गेलो होतो."

बरं, त्याच पोर्तुगीजांनी मठांच्या स्वयंपाकघरात मात्र एवढा पसारा मांडला नाही हं. तिथं सुट्या चित्रांच्या टाइल्स, एकीवर फूल, एकीवर पक्षी, एकीवर होडी. भलीमोठी युद्धं दालनात, स्वयंपाकघरात चिमण्या. कळत होतं त्यांना.

आता वकिलीणबाईंचं स्वयंपाकघर. ओटा काळ्या ग्रॅनाइटचा, त्यावर हात दीड हात उंचीपर्यंत निळं-पांढरं. ते मला आवडलं, खोटं कशाला बोलू? न्हाणीघरापेक्षा शंभर पट बरं. पण मिस्त्रीने सांध्यांत साधं पांढरं सिमेंट भरलंय. गॅसच्या मागं! त्यांच्याकडे रोज माशाची आमटी. हळदीची फोडणी उडणार, पांढरं सिमेंट ती पिणार, आणि पितृपक्षापर्यंत सगळे सांधे पिवळे. निळ्या-पांढऱ्याला पिवळ्या रेघा! तिथं इपॉक्सी ग्राउटच हवं, ते डाग पीत नाही. महाग पडतं, पण गॅसमागच्या तेवढ्याच पट्ट्याला भरा, बाकी ठिकाणी साधं चालतं. आणि डाग पडले की बाई ॲसिड ओतणार, मी आत्ताच सांगून ठेवते. ॲसिडने टाइल चकचकते, सांधे मात्र खाऊन टाकते, मग पाणी आत मुरतं.

आपल्याकडे बोअरच्या पाण्यात लोहही असतं ना. नळाखाली पांढऱ्यावर तांबूस ओघळ येतात. म्हणून म्हणते, निळी टाइल नळाच्या वर घ्या आणि नळाखाली करड्या रंगाचं काहीतरी. ओघळ येणारच असतील तर ते दिसू तरी नयेत.

जमिनीवर? अजिबात नको. चकचकीत टाइल ओली झाली की पाय सरकतो, तुमच्या सासूबाईंचा गुडघा आधीच तसला. काय म्हणालात, कोचीला जमिनीवर आहेत? आहेत खऱ्या, मट्टनचेरीच्या परदेशी सिनेगॉगमध्ये. आम्ही पाहिल्यात. ज्यूंचं ते देऊळ १५६८ चं, टाइल्स अठराव्या शतकातल्या, कँटनहून आणलेल्या, हाताने रंगवलेल्या. पण तिथं चपला बाहेर काढायला लावतात, आणि अंघोळ कोणी करत नाही! तिथली एक गोष्ट सांगतात. टाइल्स म्हणे कोचीच्या राजाने मागवल्या होत्या. ज्यूंना त्या फार आवडल्या. कोणीतरी राजाच्या कानावर घातलं, या बनवताना गाईचं रक्त वापरतात. राजा म्हणाला, उचला! आणि त्या सिनेगॉगमध्ये जाऊन बसल्या. खरंखोटं देव जाणे, पण शेजाऱ्याच्या टाइल्सवर डोळा असणं किती जुनं आहे बघा.

तुमचं कधी काढताय काम? दिवाळीनंतर? मग ऐका. न्हाणीघराची एकच भिंत निळी करा, आरशामागची. तीही कमरेपासून डोक्यापर्यंत. बाकी तीन भिंतींना साध्या पांढऱ्या टाइल्स, अगदी शुभ्र नको, दुधी घ्या, निळ्याशेजारी डोळ्याला बरं वाटतं. हाताने रंगवलेल्या हव्या असतील तर पणजीत मिळतात, पण सगळी भिंत त्यांचीच करायची म्हटलं तर तुमचे यजमान घराबाहेर काढतील तुम्हाला. दहा-बारा घ्या आणि साध्या टाइल्सच्या मधूनमधून बसवा. जयपूरचं निळं काम सुंदर असतं, पण त्यात कुंभाराची माती नसते, मुख्यतः दगडाची पूड, काच आणि डिंक. रोज पाणी मारायच्या जागी ते मी लावणार नाही. देवघराच्या कोनाड्यात बघा हवं तर.

खोके सगळे एकदम आणि एकाच बॅचचे घ्या. नंतर दोन कमी पडल्या म्हणून आणायला गेलात की तोच निळा मिळत नाही. दहाला एक जादा धरा, कापताना फुटतात. साध्या सिरॅमिकच्या असतील तर मिस्त्रीला आदल्या दिवशीच पाण्यात भिजवायला सांगा, नाहीतर ती सिमेंटमधलं पाणी पिऊन टाकते आणि सुटते. व्हिट्रिफाइड भिजवू नका, ती पाणी पीतच नाही, तिला ते चिकटवायचं केमिकल लागतं. काम झाल्यावर रुपया घेऊन प्रत्येक टाइलवर टकटक करा. डबडब आवाज आला की मागं पोकळ. मिस्त्री तोंड वाकडं करील, करू दे. पैसे देण्याआधीच करायची टकटक.

आणि तुमच्या माळ्यावरचं तांब्याचं घंगाळ आहे ना, ते खाली काढा. फ्रान्समध्ये जिव्हर्नीला क्लोद मोने चित्रकाराचं घर आहे. त्याच्या स्वयंपाकघरात भिंतभर निळ्या-पांढऱ्या टाइल्स आणि त्यांवर टांगलेली तांब्याची भांडी. हा तर चित्रकार, रंगात चुकायचा नाही. निळ्यासमोर तांबं ठेवून बघा एकदा. वकिलीणबाईंनी काय ठेवलंय माहीत आहे? गुलाबी प्लास्टिकची बादली. वर मांजराचं चित्र.

तुम्ही उद्या सहज म्हणून जाऊन या त्यांच्याकडे, त्या दाखवतीलच. न्हाणीघरात गेलात की गीझरच्या खाली डावीकडे बघा, तिसरी ओळ. गलबताची टाइल आहे. उलटी बसवलीय! शिडं खाली, तळ वर. समुद्र छताला! मिस्त्रीच्या लक्षात नाही, वकिलांच्या लक्षात नाही, बाईंच्याही नाही, आणि सगळी आळी चहा पिऊन "वा वा" करून आली. मी काही बोलले नाही. तुम्हीही बोलू नका, आणि बोललातच तर माझं नाव घेऊ नका.