पोळपाटावरचा लॅपटॉप

एडमंटन, कॅनडा
१८ जानेवारी

ती. सौ. आईस,
सा. न. वि. वि.

दोन रविवार व्हिडिओ कॉल झाला नाही म्हणून तू मावशीजवळ रडलीस म्हणे. अगं, आम्ही सगळे धडधाकट आहोत. आजारी आहे तो ह्यांचा लॅपटॉप. ताप आलाय त्याला. (फोनवर सांगता आलं असतं, पण बाबा मधेच हवामान विचारतात.)

मागच्या खेपेला बाबा म्हणाले ना, "घरात गिरणी टाकलीत का?" तो त्याचा पंखा. आणि माझं तोंड पडद्यावर उघडं ते उघडंच राहिलं, ते काही काकूची बातमी ऐकून नव्हे. आतली चिप फार तापली की जळू नये म्हणून आपणहून कामाचा वेग कमी करते. ह्यांनी आकडा पाहिला : ९६ अंश. चहाचं आधणच ठेवायचं बाकी होतं.

त्या दिवशी बाहेर उणे सव्वीस. इथे गाडीचं इंजिन गारठू नये म्हणून रात्री तिला प्लगला जोडून ऊब देतात, आणि घरात आम्ही लॅपटॉपला वारा घालतोय! "बाहेर एवढा फुकटचा फ्रीज आहे," म्हणत तुझ्या जावयांनी तो मागच्या ओट्यावर नेऊन ठेवला. मी विचारलं, "बाहेरून आत आलात की तुमच्या चष्म्याचं काय होतं? तेच पाणी ह्याच्या पोटात धरेल." मग आत आणला खरा, पण सुरू न करता अर्धा दिवस पिशवीत बांधून ठेवला, बाळंतिणीसारखा.

शनिवारी ऑपरेशन. तुझी नात टॉर्च धरून, स्क्रू आमटीच्या वाटीत. आत तांब्याची चपटी नळी असते. ती चिपची उष्णता पंख्याजवळच्या बारीक पात्यांपर्यंत नेते, आणि पंखा ती बाहेर फुंकतो. पण पंखा आणि पाती ह्यांच्या मधेच सगळं तुंबलेलं. चिमट्याने ओढलं तर कापडाच्या पट्टीसारखा सलग थर निघाला, हिरवट-जांभळा. आई, तो रंग मी लगेच ओळखला. आजीचं इरकली लुगडं! तू पाठवलेली गोधडी! हे रोज रात्री ती पांघरून मांडीवर लॅपटॉप घेतात. खालच्या फटी बंद, आणि पंखा बिचारा वाऱ्याऐवजी गोधडी ओढतोय.

चिपवरचं मलम वाळून पापुद्रा झालं होतं. नवीन लावायचं ते तांदळाच्या दाण्याएवढं. हे श्रीखंड वाढायला निघाले होते, मी मनगट धरलं. शेवटी एक स्क्रू उरला. "तो जास्तीचाच होता," असं ह्यांचं मत आहे.

आता ७२ अंश. लॅपटॉप पोळपाटावर विराजमान असतो. पोळपाट सपाट आणि टणक, त्यामुळे खालच्या फटी मोकळ्या राहतात. पंचाईत एवढीच, की तुमची रविवार सकाळ म्हणजे आमची शनिवार संध्याकाळ, ऐन पोळ्यांची वेळ. म्हणजे तुझं तोंड बघायचं तर त्या दिवशी भातच.

मावशी मार्चमध्ये येतेय, तिच्याबरोबर एक पोळपाट पाठव. मोठा बघ. गोधडी मी धुऊन कपाटात ठेवली आहे आणि किल्ली माझ्याकडे आहे.

बाबांना सांग, आज उणे एकोणीस.

तुझी,
धाकटी