थंडीनेही लस मरते

परभणीत पारा 42 अंशांच्या पुढे गेला की लशींची काळजी सगळ्यांनाच लागते. वीज गेली, आयएलआर (लशींचा फ्रीज) तापला, साठा वाया गेला, ही धास्ती खरीच आहे. पण उन्हाच्या धास्तीपायी दुसऱ्या धोक्याकडे कुणी बघतच नाही. लस गोठली तरी निकामी होते.

लस ठेवायची 2 ते 8 अंशांत. आपण आठावर डोळा ठेवतो आणि दोन विसरतो. पोलिओचे थेंब, गोवर-रुबेलाची लस गोठण्याने बिघडत नाही. पेंटाव्हॅलंट, टीडी, हिपॅटायटिस बी मात्र एकदा गोठल्या की संपल्या. हिपॅटायटिस बी तर उणे अर्ध्या अंशालाच गोठते. कुपीवरचा व्हीव्हीएमचा, म्हणजे उष्णता दाखवणाऱ्या खुणेचा, चौकोन उष्णतेने काळवंडतो, गोठल्याचं तो काहीच सांगत नाही. बाळ टोचून घेतं, रडतं, कार्डावर नोंद होते. संरक्षणाची मात्र खात्री नाही!

लस गोठते कुठे? पुष्कळदा लस गावात नेण्याच्या डब्यात, कॅरिअरमध्येच. डीप फ्रीझरमधले आइस पॅक उणे 15 ते उणे 25 अंशांचे. ते तसेच चारी बाजूंनी लावले की मधल्या कुप्या धोक्यात. म्हणून पॅक आधी टेबलावर मांडायचे, त्यांना घाम येऊ द्यायचा, मग एकेक कानाशी धरून हलवायचा. आत पाणी डुचमळलं की भरायचा. मेमध्ये हे लवकर उरकतं. डिसेंबरात, परभणीचा पारा एक आकडी झाला की पॅक सुटता सुटत नाहीत.

आणि नेमका तेवढा वेळ आपण देत नाही. लस नेणारा गाडी घेऊन दारात उभा, गावात आशाताईने बायाबापड्या जमवलेल्या, त्यात वरून फोन: निघाली का लस? सिस्टरने काय करावं? सत्राला उशीर झाला की जाब विचारतात. पॅक किती वाजता बाहेर काढले, हे विचारणारा साहेब हवा आहे. फ्रीझरजवळ तशी वेळेची नोंद ठेवायला एक वही पुरते.

गोठलेले पॅक थेट भरले तरी लस गोठू न देणारे कॅरिअर आता निघाले आहेत. ते जिल्ह्याला मागा, आणि जिंतूरच्या डोंगराळ गावांना आधी द्या.